हाक आणि ओ : ‘११२’ची यंत्रणा व आपण

संकटात सापडलेला माणूस प्रथम हाक मारतो. हाक ऐकणारा जवळ असेल व त्याचे मन शाबूत असेल, तर तो ‘ओ’ देऊन धावून येतो. समाजातील सुरक्षिततेची सारी व्यवस्था मुळात या दोन शब्दांवर उभी आहे. आपल्या खेड्यांत रात्री-अपरात्री आरडाओरडा झाला, की आळीतील माणसे कंदील आणि काठ्या घेऊन बाहेर पडत. पोलीस पाटलाच्या कानावर गोष्ट जाई व तो ठाण्याला वर्दी देई. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ या कायद्याने पोलीस पाटलाचे हे काम आजही त्याच्याकडे ठेवले आहे. परंतु वस्ती वाढली, माणसे बंद दाराआड राहू लागली, महामार्गावर अपघात झालेल्या जागी तर आजूबाजूला मनुष्यवस्तीही नसते. अशा वेळी हाक दूरध्वनीच्या तारेतून, आणि आता तारेवाचूनही, दूरवर पोहोचवावी लागते.

ती हाक कोण ऐकतो, ऐकल्यावर काय करतो आणि ती केव्हा मारावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मोबाइल आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात आहे. परंतु ‘११२’ फिरविल्यानंतर पहिल्या अर्ध्या मिनिटात काय बोलायचे, हे फार थोड्यांनी मनाशी ठरविलेले असते.

कल्पनेचा उगम

एका ठरावीक क्रमांकावर मदत मागण्याची कल्पना जन्मली ती एका दुर्घटनेतून. १९३५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात लंडनमधील विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागली व तीत पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. समोर राहणाऱ्या एका गृहस्थाने अग्निशामक दलासाठी दूरध्वनी उचलला होता. परंतु त्याचा कॉल टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतर साध्या कॉलबरोबर रांगेत तिष्ठत राहिला. एक्स्चेंजमधील बाईला कोणता कॉल जीवनमरणाचा आणि कोणता गप्पांचा, हे ओळखण्याचा मार्गच नव्हता. या गृहस्थाने ‘टाइम्स’ या वृत्तपत्रात पत्र लिहून ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ‘९९९’ ही सेवा सुरू झाली. या क्रमांकावरून कॉल आला, की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे व भोंगा वाजे. पुढच्याच आठवड्यात पहाटे हॅम्पस्टेड भागातील एका घरात चोराने शिरण्याचा प्रयत्न केला. घरच्यांनी ९९९ फिरविला आणि अवघ्या काही मिनिटांत तो पकडला गेला.

म्हणजे कॉल तातडीचा आहे ही खूण पटविणे, हा या कल्पनेचा गाभा होय. आपत्कालीन क्रमांक ही रांग ओलांडून पुढे जाण्याची परवानगी आहे. ती अकारण वापरली, तर रांग पुन्हा तयार होते आणि विम्पोल स्ट्रीटचीच परिस्थिती परत येते.

दूरध्वनीची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू बिनतारी संदेशाची. हाक ठाण्यात पोहोचली, तरी गस्तीवर निघालेल्या शिपायाला ती कळणार कशी? अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींत रेडिओ बसवून हा प्रश्न सोडविला. आरंभी मोटारीतील शिपाई केवळ ऐकू शकत असे, त्याला उत्तर देता येत नसे. दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी सोय पुढे झाली. दूरध्वनी ऐकणारा एक, नकाशा पाहून गाडी पाठविणारा दुसरा व गाडीतला तिसरा, अशी या व्यवस्थेची तीन माणसे त्या काळातच ठरली. साधने बदलली, मांडणी तीच आहे.

अमेरिकेत ‘९११’ हा क्रमांक १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहानशा गावातून प्रथम फिरविण्यात आला. युरोपीय देशांनी १९९१ मध्ये ‘११२’ हा समान क्रमांक ठरविला.

भारतातील वाटचाल

आपल्याकडे पोलिसांसाठी १००, आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०२ व नंतर १०८, स्त्रियांसाठी १०९१, मुलांसाठी १०९८ असे अनेक क्रमांक होते आणि त्यांतील बरेच अजूनही लोकांच्या जिभेवर आहेत. अडचण अशी, की घाबरलेल्या माणसाला इतके क्रमांक आठवत नाहीत. शिवाय संकट एकाच खात्याचे असत नाही. गाडी उलटून पेटली, तर पोलीस, बंब आणि रुग्णवाहिका तिन्ही लागतात.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या अत्याचाराने सारा देश हादरला. त्यानंतर २०१३ मध्ये निर्भया निधी उभारण्यात आला. एप्रिल २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने देशभर ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक असावा अशी शिफारस केली. निर्भया निधीतून ही यंत्रणा उभी राहिली आणि २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेश हे ती सुरू करणारे पहिले राज्य ठरले. महाराष्ट्रात ती २०२१ मध्ये कार्यान्वित झाली. नव्या मोबाइलमध्ये धोक्याची कळ असावी, असा नियमही केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरणे आणि स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबणे, अशी ती खूण ठरली. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये थोडाफार फरक असतो. तेव्हा आपल्या फोनमध्ये ती सोय कशी आहे, हे निवांतपणी पाहून ठेवावे. फोनला कुलूप असले तरी त्यावरून आपत्कालीन क्रमांक लावता येतो. रस्त्यात बेशुद्ध पडलेल्या अनोळखी माणसाच्या फोनवरूनही मदत मागता येते ती यामुळेच.

कॉलचा प्रवास

महाराष्ट्रातील कोणत्याही गावातून ११२ लावला, की तो कॉल जवळच्या पोलीस ठाण्यात जातो असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. राज्यासाठी नवी मुंबई येथे मुख्य प्रतिसाद केंद्र आणि नागपूर येथे दुसरे केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील शेतकऱ्याची हाक ऐकणारा कर्मचारी शेकडो किलोमीटर दूर बसलेला असतो. त्याच्यासमोर संगणकाचा पडदा असतो. तो विचारतो, ऐकतो आणि त्याचवेळी घटनेची नोंद तयार करतो. ही नोंद संबंधित जिल्ह्याच्या अथवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाकडे जाते. तेथील कर्मचाऱ्याला कोणती पोलीस गाडी कोठे आहे, हे नकाशावर दिसते. तो जवळची मोकळी गाडी निवडून तिच्याकडे घटना सोपवितो. गाडीत बसविलेल्या पडद्यावर पत्ता व माहिती उमटते. गाडी पोहोचली की तशी नोंद होते. तेथे काय आढळले याचीही नोंद होते.

या प्रवासात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की फोनवर प्रश्न विचारणारा आणि गाडी पाठविणारा ही दोन वेगळी माणसे असतात. ‘प्रश्न कसले विचारता, आधी माणसे पाठवा!’ असे कॉल करणारा चिडून म्हणतो. त्याची तगमग खरी असते. परंतु त्याच्या प्रत्येक उत्तराने मदतीचे स्वरूप ठरत असते. हल्लेखोराच्या हातात कोयता आहे हे कळले, तर दोन शिपायांऐवजी अधिक माणसे धाडावी लागतात. जखमीच्या अंगातून रक्त वाहत असेल, तर रुग्णवाहिकाही निघावी लागते. म्हणून विचारले जाईल त्याचे थोडक्यात उत्तर द्यावे, आणि समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नये.

दुसरी गोष्ट, गाड्यांची संख्या मर्यादित असते. एकाच वेळी चार ठिकाणांहून हाक आली, तर कोणाकडे आधी जायचे हे ठरवावे लागते. आता चालू असलेली मारहाण ही काल रात्री झालेल्या चोरीच्या आधी येते. जिवाचा धोका मालमत्तेच्या आधी येतो. काल चोरी झालेल्याला हा अन्याय वाटतो. परंतु दवाखान्यात डॉक्टर आधी आलेल्याऐवजी अत्यवस्थ रोग्याकडे वळतो, तसाच हा क्रम आहे.

प्रथम ‘कुठे’, मग ‘काय’

संकट सांगताना आपण कथा सुरुवातीपासून सांगू लागतो. ‘अहो, आमच्या शेजारी ते अमुक राहतात ना, त्यांचा भाऊ काल मुंबईहून आला...’ मध्येच फोन तुटला, बॅटरी संपली किंवा कोणी हिसकावून घेतला, तर एवढ्या माहितीवर गाडी कोठेच जाऊ शकत नाही. उलट, ‘तालुका शिराळा, अमुक गाव, मराठी शाळेमागची वस्ती’ एवढे बोलून फोन तुटला, तरी गाडी निघू शकते. म्हणून ठिकाण प्रथम सांगावे.

‘फोन कोठून आला हे त्यांना यंत्रावर दिसतेच की’, असे पुष्कळांना वाटते. यंत्रणेला ठिकाणाचा अंदाज मिळतो हे खरे. परंतु तो मोबाइलच्या मनोऱ्यावरून मिळालेला असेल, तर ग्रामीण भागात एका मनोऱ्याच्या कक्षेत कित्येक वाड्या-वस्त्या येतात. उपग्रहावरून मिळणारे स्थान अधिक नेमके असते, पण ते प्रत्येक फोनवरून व प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. शहरात स्थान इमारतीपर्यंत पोहोचवते. सातव्या मजल्यावरचे कोणते दार, हे सांगत नाही. यंत्राचा अंदाज आणि माणसाचे शब्द यांची जोड लागते.

ठिकाण सांगतानाही आपले भान स्थानिक असते. ‘पाराजवळ या’, ‘पाटलांच्या मळ्यात’, हे गावच्या माणसाला पुरते. नवी मुंबईत बसलेल्या कर्मचाऱ्याला पुरत नाही. त्यातून आपल्या राज्यात एकाच नावाची गावे किती! कर्जत रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. मालेगाव नाशिक जिल्ह्यातले वेगळे, वाशीम जिल्ह्यातले वेगळे. खेड रत्नागिरीतही आहे, पुण्यातही आहे. पिंपळगाव आणि वडगाव तर मोजावीत तितकी. म्हणून जिल्हा, तालुका, गाव, वस्ती आणि शेवटी ठळक खूण, असा क्रम ठेवावा.

अनोळखी जागी असल्यास आजूबाजूला पाहावे. दुकानाच्या पाटीवर पत्ता असतो. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड असतो. एस. टी.च्या थांब्यावर गावाचे नाव असते. विद्युतीकरण झालेल्या लोहमार्गावरील विजेच्या खांबांवर किलोमीटर व खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. धावत्या रेल्वेत असल्यास १३९ हा रेल्वेचा स्वतंत्र मदत-क्रमांक आहे; तेथे गाडीचा क्रमांक, डबा आणि मागे पडलेले स्थानक सांगावे. महामार्गावर आपण कोणत्या दिशेने चाललो होतो, हे अवश्य सांगावे. दुभाजकामुळे चुकीच्या बाजूने निघालेली गाडी कित्येक किलोमीटर पुढे जाऊन वळते.

ठिकाणानंतर काय घडते आहे, ते चालू आहे की संपले, कोणी जखमी आहे काय, शस्त्र आहे काय, करणारे किती व कोणत्या दिशेने गेले, वाहनाचा रंग व क्रमांक, हे सांगावे. पाहिलेले आणि ऐकलेले यांत फरक करावा. ‘गोळी झाडली’ आणि ‘गोळीसारखा आवाज झाला’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

केव्हा हाक मारावी?

जिवाला धोका असेल, गुन्हा डोळ्यांदेखत घडत असेल किंवा नुकताच घडून गुन्हेगार जवळपास असण्याचा संभव असेल, अपघात झाला असेल, आग लागली असेल, लहान मूल हरवले असेल, कोणाचा पाठलाग होत असेल, तर ११२ लावण्यात क्षणाचाही विलंब करू नये. पैसे फसवणुकीने खात्यातून गेले असतील, तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे; तेथेही जितके लवकर कळवावे, तितकी रक्कम थोपविली जाण्याची शक्यता अधिक.

याउलट, हरवलेल्या कागदपत्रांचा दाखला, पारपत्राची चौकशी, आठवड्यापूर्वीची चोरी, वीज गेली म्हणून तक्रार, यांसाठी ठाणे किंवा संबंधित कार्यालय आहे. गंमत म्हणून कॉल करणे तर अक्षम्यच. दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ नुसार शिक्षापात्र गुन्हा आहे. कळ चुकून दाबली गेली, तर घाईने फोन बंद करू नये. ‘चुकून लागला, सर्व ठीक आहे’, असे सांगावे. नाहीतर खातरी करण्यासाठी पलीकडच्याला परत फोन करीत बसावे लागते.

मधल्या प्रसंगांचे काय? प्रसंग तातडीचा आहे की नाही, हे आपल्याला ठरविता येत नसेल, तर कॉल करावा आणि ठरविण्याचे काम त्यावर सोपवावे, ज्याचा तो रोजचा व्यवसाय आहे. प्रामाणिक शंकेने केलेला कॉल खोटा ठरत नाही.

‘कोणीतरी केलाच असेल’

यंत्रणा कितीही सुसज्ज असली, तरी तिचा पहिला दुवा तिच्या हातात नाही. तो रस्त्यावरच्या, खिडकीतल्या, शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या हातात आहे.

न्यूयॉर्कमध्ये मार्च १९६४ मध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीची तिच्या घराजवळ रात्री हत्या झाली. अडतीस जणांनी पाहिले व कोणीच पोलिसांना कळविले नाही, अशी बातमी त्या वेळी छापून आली. ती बातमी बरीच फुगविलेली होती, हे पुढे सिद्ध झाले. परंतु तिच्यामुळे जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी जो प्रयोग केला व १९६८ मध्ये प्रसिद्ध केला, तो आपण विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे. कारण त्यातील पात्रे महाविद्यालयीन विद्यार्थीच होती.

प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या खोलीत बसवून ध्वनियंत्राद्वारे इतरांशी चर्चा करावयास सांगितले होते. मध्येच एका सहभागी मुलाला फिटचा झटका आल्याचा आवाज ऐकू येई. प्रत्यक्षात ते ध्वनिमुद्रण होते. आपण एकटेच हे ऐकतो आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के जणांनी झटका चालू असतानाच कळविले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी केवळ ३१ टक्क्यांनी. न कळविणारे निर्दय नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, ते अस्वस्थ होते. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली होती, इतकेच.

हा निष्कर्ष आपल्या वसतिगृहाला, चाळीला आणि बसथांब्याला तंतोतंत लागू पडतो. गर्दीत प्रत्येकाला वाटते की कोणीतरी फोन केलाच असेल. हल्ली त्यात एक भर पडली आहे: दहा हात फोन घेऊन वर होतात ते चित्रीकरणासाठी. तेव्हा गर्दीत मदत मागताना ‘अरे, कोणीतरी फोन करा’ असे म्हणू नये. एकाकडे बोट दाखवून ‘निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही ११२ लावा’ असे म्हणावे. जबाबदारीला नाव मिळाले, की ती पार पडते. चार जणांनी एकाच अपघाताबद्दल कॉल केले तरी बिघडत नाही. एकानेही न केला तर बिघडते.

भीती आणि कायदा

‘पोलिसांच्या भानगडीत कशाला पडा’, ही दुसरी अडचण. साक्षीला खेटे घालावे लागतील, आपल्यावरच बालंट येईल, ही भीती पूर्वानुभवातून आलेली आहे व तिला हसून चालणार नाही. परंतु कायदा याबाबत पुढे गेला आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, व त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग शेजारच्या घरातील मारहाणीचा. ‘नवराबायकोचे भांडण, आपण कशाला?’ असे म्हणून भिंतीपलीकडचा आक्रोश ऐकत रात्र काढली जाते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या कलम ४ नुसार अशा हिंसेची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. घाव पडत असताना मात्र कॉल ११२ लाच करावयाचा. ज्या घरात मारहाण चालली आहे तेथील बाईच्या हातात त्या क्षणी फोन असतोच असे नाही. तिची हाक शेजाऱ्यानेच पुढे न्यावी लागते.

आणखी एक गैरसमज दूर करणे इष्ट. ११२ ला कॉल केला म्हणजे गुन्हा नोंदला गेला असे नव्हे. कॉल हा मदतीसाठी असतो. तक्रार वेगळी द्यावी लागते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास प्रथम खबर नोंदविणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांच्या आत सही करावी लागते.

गाडी येईपर्यंत

हाक आणि ओ यांच्यामध्ये रस्ता असतो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असते, घाटात दरड असते. हा अवधी शून्यावर आणणे कोणत्याही यंत्रणेला शक्य नाही. तोपर्यंत स्वतः सुरक्षित जागी राहावे, फोन चालू व मोकळा ठेवावा, घटनास्थळीच्या वस्तूंना हात लावू नये, आणि शक्य असल्यास एकाने रस्त्यावर येऊन उभे राहावे. वस्तीच्या फाट्यावर हातात विजेरी घेऊन उभा असलेला एक मुलगा शोधाशोधीचा बराच वेळ वाचवितो.

या कामात आपल्या महाविद्यालयालाही वाटा उचलता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावी भरते. तेथे श्रमदानाबरोबर एक काम करावे. गावातील प्रत्येक वाडी-वस्तीसाठी एक कागद तयार करावा. त्यावर जिल्हा, तालुका, गाव, वस्तीचे नाव, मुख्य रस्त्यापासूनचे अंतर व वळणे मोठ्या अक्षरांत लिहून तो घराघरांत दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा. घरात एकटी असलेली आजी किंवा दहा वर्षांची मुलगी तो पाहून वाचू शकेल. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर, ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेतही असा कागद हवा. खर्च काहीच नाही. या लेखाचे वाचन संपल्यावर प्रत्येकाने आपण आता बसलो आहोत त्या जागेचा पत्ता अनोळखी माणसाला समजेल अशा रीतीने मनातल्या मनात सांगून पाहावा. तो दोन वाक्यांत सांगता आला, तर या विषयाचा पहिला पाठ झाला असे समजावे.